पारा, पारोळा आणि घमेलं

जळगावकराला उन्हाळ्याबद्दल विचारा, तो 45 अंश खिशातल्या चिल्लरसारखे खुळखुळवून दाखवेल. थंडीबद्दल विचारलं की मात्र "पडते थोडीफार" म्हणून विषय बदलतो. त्याचं घर, खिडक्या, कूलर आणि स्वभाव, सगळं उन्हाशी लढायला बांधलेलं. थंडीशी लढायला त्याच्याकडे एक गोधडी असते, तीही पाहुण्यांची.

डिसेंबरात धुळ्याला लग्नाला निघालो, तर बॉस्टनच्या भाच्याने बर्फाच्या वादळाची सूचनावलीच पाठवली. 2015 च्या हिवाळ्यात तो तिथे नवा होता. त्या मोसमात तिथे 9 फुटांहून जास्त बर्फ पडला. तेव्हापासून थंडी हा विषय त्याच्या ताब्यात आहे. "मामा, एकावर एक तीन थर घाला. गाडीत घोंगडी, टॉर्च, पाणी, खाणं ठेवा. गाडी अडकली तर आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा, इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवा. आणि गाडी सोडून चालत निघू नका."

थर झाले: बनियनवर बनियन, वर स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी. (मोजले तर चार होतात, पण सुरक्षेत काटकसर नको.) खाणं म्हणून बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी. गाडी नानांची, म्हणजे भाच्याच्याच वडिलांची जुनी जीप. तिची डावीकडची काच चार वर्षांपूर्वी खाली गेली ती वर आलीच नाही. तिथे आम्ही वर्तमानपत्र कोंबलं. त्यावरची बातमी वाऱ्याने फडफडत माझ्या कानात वाचून दाखवत होती: धुळ्याचा पारा घसरला.

पहाटे पाळधी, एरंडोल मागे टाकलं. माणसांपेक्षा केळी बऱ्या, असं मला आदल्या दिवशी रावेरच्या बागेत वाटलं होतं. पारा 10 च्या खाली गेला की केळीची वाढ खुंटते, म्हणून शेतकरी रात्री विहिरीचं कोमट पाणी देतो, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो, घडावर पिशवी चढवतो. इतकी काळजी माझी घरात कुणी घेत नाही. आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब रात्रभर वर निसटते. धुराचं पांघरूण ती थोडी अडवतं. मी नानांना हे समजावलं. ते म्हणाले, "मंग तू घडासारखा बस ना पिशवीत."

पारोळ्याच्या पुढे जीप थांबली. बर्फ नाही, सायलेन्सर स्वच्छ. नानांना फक्त रस्त्याकडेच्या शेकोटीवर हात शेकायचे होते. गाडी सोडू नका, ही सूचना मी मोठ्याने वाचली. नाना तोवर उतरून पऱ्हाट्यांवर हात धरून बसले होते. मीही गेलो. एका म्हाताऱ्याने माझे सगळे थर खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "तब्येत बरी नही का, भो?"

धुळ्यात रात्री यजमानांनी प्रेमाने निखाऱ्यांचं घमेलं खोलीत आणून ठेवलं आणि दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. इथे मात्र भाच्याची उरलेली सूचना नेमकी लागू पडली: बंद खोलीत शेगडी नको. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. मी घमेलं अंगणात नेऊन ठेवलं. यजमानांना वाटलं पाहुणा रुसला. त्यांनी ते परत आत आणलं. मी परत बाहेर. तिसऱ्या फेरीला घाम फुटून मी एक थर कमी केला.

सकाळी चहाच्या टपरीवर सगळी चर्चा निफाडची. धुळ्याचा आकडा इथल्या कृषी महाविद्यालयातला, निफाडचा तिथल्या गहू संशोधन केंद्रातला. आणि थंडीत दोन्ही गावं दोन पहिलवानांसारखी एकमेकांकडे बघत असतात. आज धुळं 6 वर, निफाड 7 वर. टपरीवाल्याने आनंदात आलं जास्त घातलं.

तेवढ्यात बॉस्टनहून फोन. "मामा, किती आहे तिथे?"

"6."

"मायनस?"

"नाही रे."

पलीकडे तो इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला. नानांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि ओरडले, "निफाडपेक्षा कमी शे रे, बेटा!"