दीड टनी पाणीतंटा

मे महिन्यात मुंबईत पाण्याचे दोन आवाज कानी पडतात. एक, सोसायटीच्या फाटकातून रिव्हर्स घेणाऱ्या टँकरचा. दुसरा, खिडक्याखिडक्यांखालच्या बारक्या नळ्यांतून पत्र्यावर टपटपणाऱ्या थेंबांचा. पहिल्या पाण्यावरून चेअरमन आणि सेक्रेटरी एकमेकांच्या अंगावर धावून जातात. दुसऱ्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. फार तर तळमजल्यावरच्या काकू कुरकुरतात, की वरच्यांच्या एसीचं पाणी आमच्या पापडांवर पडतं. पण हे पाणी नेमकं कुणाचं, असा प्रश्न पाणीतंट्यांत मुरलेल्या आपल्या महाराष्ट्रात आजवर कुणी विचारू नये, याचं नवल वाटतं.

कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ साली बच्छावत लवाद बसला. जायकवाडीत वरून किती पाणी सोडायचं, यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा दुष्काळ पडला की कोर्टाच्या पायऱ्या चढतात. समन्यायी वाटपासाठी २००५ चा कायदा आहे. मग दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये रात्री अकरा ते सकाळी सात जी पळवापळवी चालते, तिच्यासाठी लवाद का नको? म्हणून आम्हीच तो नेमून टाकला. मानधन नाही, फक्त चहा.

वादी, कातडी. प्रतिवादी, दीड टनी यंत्र, पाच तारे.

वादीची तक्रार थोडक्यात अशी. सकाळी उठावं तर ओठ उललेले, नाकाच्या शेंड्याला पापुद्रे, गालावर हात फिरवला की खरखर. पोटरीवर नखाने ओढलेली रेघ इतकी पांढरी उमटते, की तिथे दूधवाल्याचा हिशेब मांडता यावा. मालमत्तेचा तपशील विचारल्यावर वादीने सांगितलं की तिच्याकडे एकच बांध आहे. मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस थर आणि त्यांच्या फटींत नैसर्गिक स्निग्धाचं लिंपण. तळहात-तळपाय सोडले, तर ही सगळी उंची मिळून वाचक आता हातात धरून बसलेल्या वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा कमी भरते. घाम आला नाही तरी या बांधातून दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी झिरपतं. रात्री ही गळती जरा वाढते. बांध गळका आहे हे वादीला मान्य. पण राज्यातला कुठला बांध गळत नाही, हा तिचा प्रतिप्रश्न लवादाला निरुत्तर करून गेला.

प्रतिवादीने चोरीचा आरोप फेटाळला. माझ्या पोटात थंडगार कॉइल आहे, हवा तिच्यावरून गेली की हवेतली वाफ तिथे पाणी होऊन बसते आणि नळीवाटे बाहेर पडते. रात्रभरात बादली भरते हे खरं, पण त्यातलं बहुतेक पाणी दारं-खिडक्यांच्या फटींतून शिरलेल्या अरबी समुद्राचं. वादीचा वाटा फार तर पेलाभर. शिवाय वाफ काढणं हा माझा जन्मजात धंदा आहे, म्हणाला.

लवादाने जन्माचा दाखला मागवला. साल १९०२, गाव ब्रुकलिन, जनक विलिस कॅरियर नावाचा पंचविशीतला इंजिनिअर. तिथल्या एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद फुगायचा, पुन्हा आकसायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागा सोडायचे. त्याच छापखान्यात ‘जज’ नावाचं विनोदी साप्ताहिक छापलं जाई. म्हणजे व्यंगचित्रातल्या पुढाऱ्याचं लाल नाक त्याच्या गालावर सरकू नये, म्हणून या यंत्राचा अवतार झाला. अशा यंत्रावर उपहासात्मक सदरातूनच टीका व्हावी, हा शुद्ध कृतघ्नपणा आहे, पण लवादाचा नाइलाज होता. कारण त्या दाखल्यात एक आकडा सापडला. कॅरियरने छापखान्यातली आर्द्रता ५५ टक्क्यांवर राखायचं ठरवलं होतं. कागदाला ५५ टक्क्यांची हमी! आमच्या उशीशी पडलेल्या रिमोटवर तापमानाचे दोन बाण आहेत, पंखा आहे, टायमर आहे, पण आर्द्रतेचा आकडा नाही. ‘ड्राय’ असं एक बटण तेवढं आहे, आणि ते उरलंसुरलं उपसण्यासाठी!

तापमानाच्या मुद्द्यावर सुनावणी तापली. तारांकित एसी सुरू केला की आधी २४ अंशच दिसावेत, अशी तजवीज सरकारने १ जानेवारी २०२० पासून केली आहे. त्याचा लोकांनी केलेला उपयोग म्हणजे १८ पर्यंत जायला बटण सहा वेळा दाबायची सवय लागली. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० ते २८ अशी मर्यादा घालायची गोष्ट काढली, तेव्हा दोन अंशांसाठी लोक असे कळवळले जणू सातबाऱ्यावरचं नाव उडालं. प्रतिवादीच्या बाजूने घरचे कर्ते उभे राहिले. बाहेर ३२, आत १८, अंगावर सोलापुरी चादर, तिच्यावर दुलई, पायात मोजे, अशी वस्तुस्थिती त्यांनी कबूल केली. “मग २६ वर ठेवून दुलई का काढत नाही?” लवादाने विचारलं.

“अहो, मग एसीचे पैसे कसे वसूल व्हायचे?”

या युक्तिवादाला भारतीय संविधानात उत्तर नाही. भौतिकशास्त्रात आहे. १८ अंशांच्या हवेत मुळात वाफ कमी मावते. ती हवा तेहतीस-चौतीस अंशांच्या गालाला टेकून तापली, की तिची पाणी प्यायची ताकद दुपटीहून अधिक होते. झोत थेट तोंडावर असेल, तर एक हवा पिऊन गेली की दुसरी कोरडी हवा रांगेत उभी.

मधेच नागपूरचे जावई साक्षीला आले. त्यांनी कूलर, वाळ्याचे पडदे, गवताच्या जाळ्या यांचं वर्णन केलं आणि शेवटी विचारलं, “काहून बाप्पा, आमचा कूलर हवेला पाणी पाजते, अन् तुमचं मशीन हवेचं पाणी पिते. मंग त्याले पैसे कायचे देता?” मुंबईच्या दमट हवेत कूलर लावला तर भिंतींना बुरशी येते, हे त्यांना समजावण्यात लवादाची मधली सुट्टी गेली.

मग पुनर्भरणाच्या योजना मांडण्यात आल्या. पहिली, खाटेखाली पाण्याचं पातेलं. खर्च शून्य, लाभक्षेत्रही शून्य, फक्त पहाटे उठणाऱ्याचा पाय त्यात पडतो. दुसरी, ह्युमिडिफायर. ही आपल्या ओळखीची उपसा योजना. एका भिंतीवरचं यंत्र खोलीतलं पाणी उपसून खिडकीबाहेर टाकतं, दुसऱ्या कोपऱ्यातलं यंत्र टँकरचं पाणी पुन्हा खोलीत फुंकतं, दोघांचं वीजबिल एकाच ग्राहक क्रमांकावर. दोन्ही यंत्रं रात्रभर समोरासमोर राबतात आणि मधे मालक झोपतो. सिंचन खात्यालाही इतकी सुबक योजना आजवर सुचलेली नाही.

तिसरी योजना घरातल्या कन्येची. तिच्या टेबलावर सात बाटल्या. कोरियातल्या मुलींची कातडी काचेसारखी चमकते म्हणून ही तयारी. ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड वगैरे मंडळी पाणी धरून ठेवतात, इथवर लवाद सहमत. पण भोवतालची हवाच कोरडी असेल, तर ती खालच्या थरातलं पाणी वर ओढतात. म्हणून ही लावायची ती ओलसर अंगावर आणि वरून स्निग्धाचा एक हात फिरवायचा. पेट्रोलियम जेली हे काम चोख करते. ती स्वतः थेंबभर पाणी देत नाही, फक्त दरवाजे बंद करते. तिचं पेटंट १८७२ साली घेणारे चेसब्रो रोज चमचाभर जेली खात म्हणे, आणि ९६ वर्षं जगले. कन्येने ही माहिती ऐकून बाटल्यांकडे संशयाने पाहिलं.

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडून कोकमाच्या बियांच्या तेलाचा पिवळट गोळा टेबलावर ठेवला. कोकणात टाचांच्या भेगांना हेच लावतात. थंड खोलीत दगडासारखं घट्ट, अंगाच्या उबेने पाझरणारं. “वास येतो,” कन्या म्हणाली. “तुझ्या त्या बाटलीत गोगलगाईचा चिकटा आहे, तो चालतो?” आजींनी विचारलं. बाटलीवरच्या छापील यादीत तो खरोखरच निघाला.

निवाडा असा: यंत्र २६ वर, सोबत पंखा एकवर. झोत छताकडे. जाळी दर पंधरवड्याला धुवावी. रात्रीची आंघोळ कोमट पाण्याने, अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत लेपन. गोळा सामायिक.

निवाडा वाचून संपायच्या आतच कर्त्यांनी पुनर्विचार याचिका दाखल केली, आणि कन्येने कुठल्याशा सीरमची डिलिव्हरी येईपर्यंत स्थगिती मागितली. ती मिळाली. दरम्यान सेक्रेटरींनी परिपत्रक काढलं आहे की नळ्यांतलं सगळं पाणी यापुढे सोसायटीच्या मालकीचं असून ते बागेला वापरण्यात येईल. तळमजल्यावरच्या काकूंनी त्याला हरकत घेतली आहे. त्यांचं म्हणणं, पापड आमचे भिजले, पहिला हक्क आमचा.