परीक्षा गेली, वजन तिथेच

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की इंग्लंडच्या एम-५ महामार्गावर कॉर्नवॉलकडे निघालेल्या कॅरव्हॅनची, म्हणजे कारमागे जोडलेल्या फिरत्या घरांची रांग दिसते. त्यात आता आपली मराठी कुटुंबंही असतात. मागच्या घरात कुकर, कणीक, मुलांच्या सायकली, खुर्च्या. सगळं आठवणीने भरलेलं. ‘भरल्यावर वजन केलंत का?’ एवढं विचारून बघा. गाडीत शांतता पसरते.

१ जानेवारी १९९७ पासून ब्रिटनमध्ये कारचं लायसन्स काढणाऱ्यांना जड ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ ला ती रद्द झाली. आता साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. कारण काय, तर ट्रकचालकांचा तुटवडा होता आणि त्यांच्या परीक्षांसाठी परीक्षक मोकळे हवे होते. तुटवडा ट्रकवाल्यांचा, सूट कॅरव्हॅनवाल्यांना! हा निर्णय चुकीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय ३,५०० हा आकडा लायसन्सचा. तुमच्या गाडीचा वेगळा, आणि तोही कायदाच आहे. गाडीवरची व्हीआयएन पाटी, म्हणजे ओळख क्रमांकाची पाटी वाचा. पहिलं वजन भरलेल्या गाडीचं, दुसरं गाडी आणि ट्रेलर मिळून. समजा १,८५० आणि ३,१०० आहेत. गाडी पूर्ण भरली तर ट्रेलरसाठी उरले १,२५० किलो. दुसरा आकडाच नसेल, तर ती गाडी ट्रेलर ओढायची नाहीच. विषय संपला.

तिसरी मर्यादा कॅरव्हॅनच्या स्वतःच्या पाटीवर असते. कित्येक कॅरव्हॅनमध्ये सामानासाठी जेमतेम दीडशे किलोची मुभा उरते. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. वर तंबू, बॅटरी, सिलिंडर. दीडशे कधी ओलांडले, कळतसुद्धा नाही.

ओलांडले तर काय होतं? बाजूने ट्रक वेगात जातो, वाऱ्याचा झोत बसतो आणि मागचं घर सापासारखं वळवळू लागतं. जड सामान मागच्या टोकाला असेल तर आणखीच. म्हणून जड वस्तू ॲक्सलजवळ, तळाशी ठेवा. म्हणूनच तिथले जाणकार नवख्यांना सांगतात, कॅरव्हॅनचं भरलेलं वजन रिकाम्या गाडीच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. हा कायदा नाही, पण पाळा.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. ग्रेट ब्रिटनमध्ये कार तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी सक्तीची. तिच्यामागे जोडलेल्या दीड टनाच्या घराला ती लागूच नाही! ओढणाऱ्याची परीक्षा नाही, ओढल्या जाणाऱ्याची तपासणी नाही. निदान तपासणी तरी सक्तीची करा.

साखर कारखान्याने काटा मारला की आपला ऊसवाला रस्त्यावर उतरतो. किलोकिलोचा हिशेब मागतो, आणि बरोबरच करतो. तोच हिशेब इथे स्वतःकडे मागा. निघण्याआधी सगळं सामान भरा, मुलांना बसवा आणि गाडी-कॅरव्हॅन जवळच्या वजनकाट्यावर न्या. काट्याची चिठ्ठी तिन्ही मर्यादांत बसली, तर कॉर्नवॉल. नाही बसली, तर आधी सायकली उतरवा.