सेक्टर २ मधल्या होतकरू दगडवेड्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

दगड गोळा करण्याच्या छंदावरची बहुतेक पुस्तकं ॲरिझोना किंवा नेवाडात राहणाऱ्या माणसाने लिहिलेली असतात. त्यांतल्या सूचना साधारण अशा: भरपूर पाणी न्या, खुळखुळ्या सापापासून जपा, पडक्या खाणीच्या तोंडात शिरू नका आणि वाटेत सोन्याच्या जुन्या खाणीची गंजलेली यंत्रं दिसली की फोटो काढा. भिलाईच्या सेक्टर २ मध्ये या सूचना जशाच्या तशा पाळायला गेलात तर पाण्यापलीकडे काही जमणार नाही. म्हणून हे स्थानिक मार्गदर्शन.

पायरी पहिली: वाळवंट मिळवा.

थरला जायचं तर तिकिटाची वेटिंग लिस्ट आणि घरच्यांची परवानगी, दोन्ही लागतात. त्यापेक्षा भाठ्यावर जा. छत्तीसगढचा शेतकरी जमिनीची चार नावं घेतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. कन्हार काळी आणि कसदार. भाठा म्हणजे तांबडी, खडकाळ, उंचवट्यावरची माळजमीन. तिथे धड गवतही तग धरत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता भाठ्यावर उभे राहा, ॲरिझोनाची उणीव भासणार नाही.

फरक एवढाच की हे वाळवंट पाण्याने केलेलं आहे. लाखो वर्षं धो धो पाऊस आणि मग रणरणतं ऊन असं चक्र चाललं. पाण्याने खडकातलं विरघळण्याजोगं होतं ते सगळं धुऊन नेलं आणि मागे लोखंड व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं राहिली. हाच जांभा, आणि त्याचा भुगा म्हणजे मुरूम. कोकणातून बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबांना तो बघून माहेर आठवतं, पण इथे त्यावर हापूस येत नाही. नवशिक्याने पहिला नमुना मुरमाचाच घ्यावा. फुकट असतो, कुणी हटकत नाही, आणि चपलेला लागून तो आपणहून घरी येतो.

पायरी दुसरी: साहित्य.

सेफ्टी शूज विकत घेऊ नका. पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधल्या कुठल्याही क्वार्टरच्या मागल्या दारी एक जोड पडलेला असतो, आणि तो ज्यांचा होता ते रिटायर होऊन विदर्भात गेले तरी जोड शाबूत असतो. गॉगल मात्र घ्याच. हातोड्याखालून उडालेली खपली डोळा पाहूनच येते. हातोडा बाजारातून घ्यावा आणि त्याची पावती जपून ठेवावी. कारखान्याच्या गावात हातोडा घेऊन फिरणाऱ्याला तो कुठून आणला हे लोक विचारतातच.

दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक लोखंडी खिळा, न्हाणीघराच्या फरशीचा फुटका तुकडा आणि एक लिंबू. फरशीची चकचकीत बाजू निरुपयोगी, मागची खरखरीत बाजू कामाची. तिच्यावर दगड घासून उमटणाऱ्या रेघेचा रंग पाहायचा. हेमॅटाइट वरून काळा दिसो, करडा दिसो की चमचमणारा दिसो, रेघ गेरूसारखी तांबडीच उठते. मॅग्नेटाइटची काळी. पायराइट म्हणजे मूर्खांचं सोनं. ते पिवळंधमक दिसतं आणि हिरवट काळी रेघ ओढून आपली लायकी दाखवतं. खऱ्या सोन्याची रेघ सोन्याचीच असते. सराफाची कसोटी यावरच तर चालते.

पायरी तिसरी: पहिला उल्कापाषाण.

तो पहिल्याच आठवड्यात सापडतो. सेक्टर २ मध्ये हा छंद लागलेल्या प्रत्येकाला सापडतो. रुळांच्या कडेला किंवा एखाद्या जुन्या भरावात एक काळपट, जड, खडबडीत तुकडा दिसतो. हात थरथरतो. इंटरनेटवरचा फोटो तंतोतंत जुळतो. मग दुसरा सापडतो: निळसर हिरवा, काचेसारखा, कडेला प्रकाश आरपार जाणारा. तो ज्वालामुखीची काच ठरतो. तिसऱ्याला बारीक बारीक भोकं असतात, म्हणजे लाव्हा. आठवडाभरात खिडकीच्या कट्ट्यावर अर्धी सूर्यमाला मांडली जाते. मग शेजारचे काका चहाला येतात. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं ब्लास्ट फर्नेसवर काढलेली असतात. चष्मा न लावताच ते म्हणतात, "अरे, हा तर आपल्याच भट्टीचा माल!"

तो स्लॅग असतो. तिन्ही तुकडे.

इथे बहुतेक नवशिके छंद सोडून देतात. तो सोडू नये, कारण खरा अभ्यास इथूनच सुरू होतो. भट्टीत वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी सोडतात. खनिजातली वाळू आणि माती चुन्याशी संयोग पावून वितळते आणि हलकी असल्याने लोखंडाच्या रसावर तरंगते. तो वर तरंगणारा थर वेगळा काढला की स्लॅग. पाण्याच्या झोताखाली झटकन गार केला तर त्याचे काचेरी, वाळूसारखे दाणे होतात, आणि ते सिमेंटमध्ये जातात. हळू गार झाला तर त्यात स्फटिक धरतात आणि तो दगडासारखा दगड होतो. वायूचे बुडबुडे अडकले की भोकं. ज्वालामुखीतही याहून वेगळं काही घडत नाही. फक्त तिथे तीन पाळ्या लावाव्या लागत नाहीत. भोकं, काच आणि वितळून वाहिल्याच्या वळ्या एकाच तुकड्यात दिसल्या की तो आपल्या गावचा समजावा. उल्केच्या आत अशी भोकं जवळजवळ नसतातच. आणि स्लॅगची जन्मतारीख ४ फेब्रुवारी १९५९ च्या मागे जात नाही. त्या दिवशी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली भट्टी सुरू झाली. वयाची एवढी खात्री देणारा दुसरा दगड जगात शोधून सापडायचा नाही.

पायरी चौथी: लिंबू वापरा.

छत्तीसगढातल्या जुन्या घरांच्या ओट्यावर, पायरीवर, आवाराच्या भिंतीत चुनखडीच्या फरशा असतात. इथे त्यांना फर्शी पत्थर म्हणतात. कोपऱ्यात खिळ्याने ओरखडा काढून थोडी पूड करा आणि वर लिंबाचे दोन थेंब टाका. भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे वर येताना दिसतात, कान नेला तर चुरचुर ऐकू येते. तो कार्बन डायऑक्साइड, समुद्राने दगडात कोंडून ठेवलेला. दगड डोलोमाइट असेल तर तो असा सहज फसफसत नाही, आणि लिंबापुढे तर ढिम्म बसतो. भिलाईला तो बिलासपूरकडच्या हिर्री खाणीतून येतो. प्रयोग स्वतःच्या पायरीवर करावा, देवळाच्या नाही.

आता हा समुद्र कुठला, हे समजून घ्या. दुर्ग-रायपूरच्या पट्ट्याखाली चुनखडी आणि शेलचे जाड थर आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना रायपूर गट म्हणतात. भिलाईच्या उत्तरेला धमधा आहे. तिथल्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक पट्टा सापडला. त्यातल्या झिरकॉनच्या कणांचं वय काढलं तेव्हा ते सुमारे १०० कोटी वर्षं भरलं. तेव्हा मासे नव्हते, झाडं नव्हती, डास नव्हते. उथळ कोमट समुद्र होता आणि त्याच्या तळावर सूक्ष्मजीवांची बुळबुळीत साय. तिच्यावर चुन्याचा गाळ बसायचा, ती वर वाढायची, पुन्हा गाळ. असे थरावर थर चढून जे घुमट झाले ते स्ट्रोमॅटोलाइट. भिलाईजवळच्या नंदिनी खाणीच्या चुनखडीत ते आहेत. आडव्या कापात एकात एक वर्तुळं दिसतात, उभ्या कापात वर उचललेले पातळ पदर. या नंदिनीची चुनखडी वर्षानुवर्षं भिलाईच्या भट्टीत जात आली आहे. खाणीत मात्र विनापरवाना शिरू नका. उन्हाळ्यात शिवनाथचं पाणी उतरलं की पात्रातले खडक उघडे पडतात, तेवढे नवशिक्याला पुष्कळ.

पायरी पाचवी: राजहरा.

दुर्गहून दल्ली-राजहराची गाडी पकडा. खिडकीबाहेरची माती लाल होत जाते, मग झाडांची पानं, मग स्टेशन, मग तुमचा सदरा. इथल्या टेकड्यांत हेमॅटाइट आहे आणि त्याच्या सोबतीला पट्टेरी जास्पर: एक पट्टा करडा पोलादी, एक विटकरी तांबडा, पुन्हा करडा. घासून पॉलिश केला तर सराफाच्या दुकानात ठेवावा असा. हे पट्टे नंदिनीच्या चुनखडीहून पुष्कळ जुने. त्या काळच्या समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं. सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या ऑक्सिजनशी गाठ पडून ते गंजलं आणि तळाशी बसलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे भिलाईच्या भट्टीत आपण काय करतो, तर एका काळच्या जंतूंनी गंजवलेलं लोखंड दुसऱ्या काळच्या जंतूंनी रचलेल्या चुन्याने साफ करतो. पोलादाची टिमकी वाजवताना हे कुणी सांगत नाही.

या टेकड्या कागदावर आणल्या भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी, १८८७ मध्ये. पुढे १९०४ च्या आगेमागे टाटांची माणसं आपल्या चांदा जिल्ह्यात, लोहाऱ्याच्या डोंगरात लोखंड शोधून कंटाळली होती. हे काम जमत नाही असं सांगायला दोराबजी टाटा नागपूरला सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि भिंतीवरच्या भूशास्त्रीय नकाशात त्यांना दुर्गकडचा लोखंडाचा रंगवलेला भाग दिसला. नागपूरकर त्या संग्रहालयाला अजब बंगला म्हणतात. टाटांचा कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला, कारण बोस यांनीच त्यांना मयूरभंजच्या खनिजाची वाट दाखवली. राजहराच्या टेकड्या तशाच थांबल्या. १९५५ मध्ये भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तेव्हा त्यांचा नंबर लागला. नवशिक्यासाठी यातला धडा एवढाच की साहेब जागेवर नसेल तर संग्रहालयात जावं.

यंत्रांची हौस असणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. वाळवंटातल्या पडक्या यंत्रांचे फोटो गोड दिसतात, कारण तिथली माणसं केव्हाच गेलेली असतात. दल्लीच्या खाणीत यंत्रं येऊ घातली तेव्हा माणसं तिथेच होती, हातात घण आणि सब्बल घेऊन. कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या खाणकामगार संघटनेचं म्हणणं होतं की यंत्र आणा, पण माणूस बाहेर फेकणारं आणू नका. नियोगींचा खून भिलाईतच झाला, २८ सप्टेंबर १९९१ ला. दगडाच्या छंदात राजकारण कशाला, असं कुणी म्हणेल. त्याने मुरूमच गोळा करावा.

पायरी सहावी: सोनं.

सगळे इथेच पोचायला अधीर असतात. छत्तीसगढात सोनं आहे. बलौदाबाजारकडे गावाचं नावच सोनाखान. तिथले जमीनदार नारायण सिंह यांनी दुष्काळात व्यापाऱ्याचं धान्य काढून रयतेला वाटलं आणि १० डिसेंबर १८५७ ला रायपुरात इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं. तिथल्या बाघमारा पट्ट्याचा लिलाव झाला तो २०१६ मध्ये, देशातला सोन्याच्या खाणीचा पहिला. म्हणजे नाव मिळालं आधी आणि बोली लागली त्याच्या पार नंतर.

जशपूरकडे ईब नदीच्या वाळूतून सोनझरे लोक पिढ्यान् पिढ्या कण काढतात. हत्यार एकच, लाकडाची उथळ परात. तत्त्व वजनाचं: गारगोटीची वाळू पाण्याच्या अडीचपट जड, काळी लोहवाळू पाचपट, सोनं एकोणीसपट. पाणी फिरवत राहिलं की हलकं वाहून जातं आणि जड तळाला राहतं. आपल्याकडचे झारेकरी सराफ कट्ट्याच्या गटारातला गाळ धुतात तेही याच नियमाने. सेक्टर २ च्या तलावावर परात घेऊन बसू नका. सोनं निघणार नाही आणि छठ जवळ आली असेल तर लोक तुम्हालाच घाट धुवायला लावतील.

सोन्याची जुनी यंत्रं पाहायचीच असतील तर कर्नाटकात कोलारला जा. जॉन टेलर कंपनीने १८८० मध्ये सुरू केलेल्या त्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. शाफ्टवरचे लोखंडी मनोरे उभे आहेत. तिथे आणि जगातल्या बहुतेक जुन्या सोनखाणींत मुख्य यंत्र एकच, स्टॅम्प मिल. छत्तीसगढच्या खेड्यातली ढेंकी पाहिली असेल तर ती कळायला वेळ लागणार नाही: जड लोखंडी मुसळं एका ओळीत, फिरत्या दांड्यावरचे उंचवटे त्यांना आळीपाळीने उचलतात आणि सोडतात, खाली खनिजाचं पीठ. ते पीठ पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून वाहतं. सोनं पाऱ्याला चिकटतं, बाकीचं पुढे जातं. मग पारा उकळून उडवतात. हा शेवटचा भाग घरी करू नका. पाऱ्याची वाफ मेंदूवर जाते.

गरियाबंदकडे पायलीखंडला हिरे आणि सेंदमुडाला अलेक्झांड्राइट आहे, हे कुणीतरी तुम्हाला कानात सांगेल. खरं आहे. तिथे खणायला गेलात तर छंद पोलीस ठाण्यात संपतो, हेही खरं आहे.

पायरी शेवटची: साठवण.

प्रत्येक नमुन्यावर चिठ्ठी लावा: कुठे सापडला, कधी, कुणाच्या जागेत. चिठ्ठीशिवाय दगड म्हणजे नुसतं ओझं. स्लॅगला वेगळा खण द्या आणि तो सगळ्यात वर ठेवा. पाहुण्यांना तोच आवडतो. आणि संग्रह आवरता ठेवा. दहा लिटरच्या बादलीत पाणी दहा किलो भरतं, तीच बादली राजहराच्या हेमॅटाइटने भरली तर मधल्या पोकळ्या धरूनही तिच्या अडीच-तीनपट. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं, आणि टेम्पोवाला भाडं वजनावर ठरवतो.