प्रायोगिक, पण कायमचं

डिसेंबर २०१८ मध्ये वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक एडिटर आला. त्याच्या जावास्क्रिप्ट मॉड्यूलमधल्या कच्च्या मालाच्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या, नावाआधी दोन अंडरस्कोर देऊन ‘एक्सपेरिमेंटल’ लिहायची पद्धत पडली. अर्थ सरळ: हात लावू नका, हे कधीही बदलेल. वर्डप्रेसला जोडायची प्लगइन लिहिणाऱ्यांनी ते वाचलं आणि ताबडतोब हात लावला. (त्यांचा तरी काय इलाज? कामाची गोष्ट नेमकी तिथेच ठेवलेली.) आता काढावं तर लोकांच्या साइट कोलमडणार. मग काय, निवडणुकीच्या तोंडावरच्या टपऱ्यांसारखा बराचसा प्रायोगिक माल आपोआप नियमित झाला.

२०२३ च्या ६.२ आवृत्तीपासून अशा नव्या, फक्त वर्डप्रेसपुरत्या खासगी मालाला कुलूप आलं. किल्ली म्हणजे एक अख्खं इंग्रजी वाक्य, कोडमध्ये जसंच्या तसं टाइप करायचं. सुरुवातीच्या वाक्याचा मथितार्थ असा होता की, अस्थिर सुविधा वापरल्यावर पुढच्या आवृत्तीत माझं प्लगइन मोडणारच, हे मला ठाऊक आहे. एक अक्षर चुकलं की एरर. शिवाय मॉड्यूलचं नाव वर्डप्रेसच्या स्वतःच्या यादीत नसेल, तर वाक्य बरोबर असूनही दार बंद! म्हणजे प्लगइन मोडण्याचं हमीपत्र द्यायचं वर्डप्रेसच्याच मॉड्यूलांनी, तेही वर्डप्रेसलाच. प्लगइनवाले मात्र जुन्या दोन अंडरस्कोरांवर सुखाने नांदताहेत.