न बघता निवडलंत, आभारी आहे

प्रति,
माननीय निमंत्रक,
आंतरराष्ट्रीय चित्रप्रदर्शन व पुरस्कार वितरण सोहळा

महोदय,


‘डिअर आर्टिस्ट, हार्दिक अभिनंदन! आपल्या कलाकृतीची निवड झाली आहे,’ हा आपला व्हॉट्सॲप संदेश पोचला. मी आपल्याकडे एकही चित्र पाठवलेलं नसताना आपल्या परीक्षकांनी ते निवडलं. याला म्हणतात दृष्टी! आमच्या कोल्हापुरात अजून आधी चित्र बघायचं आणि मग मत द्यायचं, अशी जुनी खोड आहे. पंचगंगेच्या घाटावर जलरंगात काम करत बसलं, की मागे येऊन उभा राहिलेला म्हशीवालासुद्धा ‘पाणी जरा जास्तच निळं झालंय बघा’ असं सुनावून जातो. तेही शुल्क न घेता.

शुल्काचा विषय निघालाच आहे, तर आपल्या पत्रकाबद्दल बोलू. सहभाग शुल्क 4,500 रुपये. त्यात दोन बाय दोन फूट जागा, एक ट्रॉफी, एक प्रमाणपत्र, कॅटलॉगमध्ये पाव पान आणि प्रमुख पाहुण्यांबरोबर फोटो. अर्धं पान हवं असेल तर दीड हजार जादा. ‘कलारत्न’चा दर फोनवर सांगणार. मी सहज हिशेब मांडला. शंभर चित्रकार धरले तरी साडेचार लाख होतात. हॉलचं भाडं, ट्रॉफ्या, शाली आणि चहा वजा केला, तरी एकही चित्र न विकता आपलं प्रदर्शन यशस्वी!

त्यापुढे गॅलरीवाले अगदीच मागासलेले. ते 33 पासून 50 टक्क्यांपर्यंत कमिशन कापतात, म्हणून आम्ही चित्रकार त्यांच्या नावाने बोटं मोडत असतो. पण नुसत्या कमिशनवर चालणाऱ्या गॅलरीला चित्र विकलं जाईपर्यंत छदामही मिळत नाही. मग झक मारत गिऱ्हाइकांना फोन करा, चित्रावर नीट उजेड पाडा, आलेल्याला दोन शब्द समजावून सांगा, हे सगळं आलं. आपलं तसं नाही. आपलं गिऱ्हाईक चित्र टांगण्याआधीच पैसे भरून मोकळं झालेलं असतं, कारण ते गिऱ्हाईक म्हणजे मीच.

अशा एका सोहळ्याला मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. मांडववाल्याच्या कापडी पार्टिशनवर खिळे ठोकून फ्रेमला फ्रेम चिकटवली होती. ट्यूबलाइट काचांवर अशी चमकत होती, की कुणाच्याही गणपतीत आपलाच चेहरा दिसावा. खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून मांडल्या होत्या, म्हणजे चित्रांकडे पाठ. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, तास-दीड तास उशिरा आलेल्या पाहुण्यांचं भाषण, मग ट्रॉफीवाटप. हॉल खच्चून भरला होता, पण सगळे एकतर चित्रकार नाहीतर चित्रकारांच्या घरचे. जो तो आपापल्या चित्रासमोर उभं राहून फोटो काढून घेत होता. शेजारचं चित्र फोटोत येऊ नये एवढीच काळजी. ‘चित्रं विकत घेणारे कुठे बसलेत?’ असं एका स्वयंसेवकाला विचारलं, तर त्याने चहाच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

आता आपण म्हणाल, ‘जहांगीर आर्ट गॅलरीत काय फुकट मिळतं?’ नाही मिळत. तिथेही भाडं आहे. आधी समितीला कामं दाखवायची, पसंत पडली तर काही वर्षं वाट बघायची. तारीख मिळाली की फ्रेमवाला, टेम्पोवाला, मुंबईतल्या लॉजचं आठवड्याचं भाडं आणि ब्रोशरची छपाई. बाहेरगावच्या माणसाची जमवलेली पुंजी त्यात जाते, आणि एकही चित्र न विकता परत येणारेही असतात. पण 1952 पासून त्या दाराला तिकीट नाही. काळा घोडा भागातून जाणारा कुणीही आत शिरतो. त्यात कॉलेजची पोरं असतात, हापिसातून निघालेला कारकून असतो, आणि नशिबात असेल तर एखादा संग्राहकही असतो. भाडं भरणाऱ्याला तिथे अनोळखी नजर मिळते. आपल्या दोन बाय दोन फुटांत तेवढी एकच वस्तू समाविष्ट नाही.

बॉम्बे आर्ट सोसायटी तर 1888 पासूनची. स्पर्धेच्या प्रदर्शनाला प्रवेशशुल्क असलं, तरी त्यात एक मोठी सोय असते. पाठवलेलं चित्र परत येऊ शकतं. 1937 साली अमृता शेरगिल यांच्या ‘ग्रुप ऑफ थ्री गर्ल्स’ला या सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. आजही ते सांगितलं जातं, कारण त्या वर्षी बाकीच्यांना ते मिळालं नव्हतं. आपल्याकडे जेवढे सहभागी तेवढ्या ट्रॉफ्या. मग घरच्या शोकेसमध्ये ती ठेवल्यावर पाहुण्यांना नेमकं काय सांगायचं, तेवढं पत्रकात छापा.

आपल्या नियमावलीवरही जीव जडला आहे. नियम सातवा : ‘कलाकृतींचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ नियम नववा : ‘कलाकृतींच्या नुकसानीस आयोजक जबाबदार नाहीत.’ म्हणजे कॅलेंडरवर छापायचं असेल तेव्हा चित्र आपलं, आणि पावसात भिजलं की माझं. वाईट एवढंच, की 1957 चा कॉपीराइट कायदा आपल्याइतका कल्पक नाही. पैसे घेऊन ऑर्डरवर काढलेलं चित्र सोडलं, तर कॅनव्हास विकला म्हणून कॉपीराइट विकला जात नाही. तो चित्रकाराच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर सहीचा लेखी कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षंच धरतो. नुकसानीचं म्हणाल, तर दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये उतरवून टाकलं, आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई. समोर केंद्र सरकार होतं, महोदय. आपण तर नुसते निमंत्रक.

तरीही मी यायला तयार आहे. माझ्या अटी थोड्या आहेत. शुल्क शून्य. चित्र विकलं गेलं तर 40 टक्के आपले, आनंदाने घ्या. चित्रं ताब्यात घेताना सहीशिक्क्याची पोच द्या आणि तिच्यात प्रत्येकाची किंमत लिहा. प्रदर्शन सुरू असेपर्यंतचा विमा आपण काढा. परीक्षकांची नावं आधी जाहीर करा, आणि त्यांना चित्रं दाखवा. त्यांनी माझं चित्र नापसंत केलं, तर तसं कारणासकट लेटरहेडवर कळवा. फ्रेमचा खर्च मी करीन. आपल्या ट्रॉफीपेक्षा ते पत्र भिंतीवर लावायला मला जास्त आवडेल.

आपला,
एक निवड झालेला चित्रकार

ता. क. : ‘प्रत्येक सहभागी कलाकाराने एक कलाकृती आयोजकांच्या संग्रहास द्यावी,’ हा अकरावा नियम नंतर वाचला. सोबत किमतींची यादी जोडली आहे. संग्राहकाला दहा टक्के सवलत देतो.