आडवा हात

बाणेर-बालेवाडीच्या बुफेवरून परतणारी तरुण मंडळी हल्ली 'आज पिग आउट केलं' असं सांगतात. अमेरिकी बोलीत हा प्रयोग १९७०च्या दशकात रुळला. त्यामागचा न्याय सरळ आहे: पोट भरल्यावरही जो खातो, तो डुक्कर. एकट्याचा गुन्हा आणि शिक्षाही एकट्याला.

आपल्याकडे याच पराक्रमाला 'आडवा हात मारणे' म्हणतात. त्यात जनावर नाही आणि लाज तर मुळीच नाही. उलट तलवार फिरवल्याची ऐट आहे. पेशवाई १८१८ साली बुडाली, तलवारी खुंटीला लागल्या, हात मात्र श्रीखंडावर चालतच राहिला. आमटी ओरपायची, भजी हाणायची, मिसळ हादडायची, पुरणपोळीवर ताव मारायचा. नुसती क्रियापदं ऐकणाऱ्याला वाटावं, जेवण नव्हे, कुठेतरी दंगल चालली आहे.

गंमत अशी, की पंगतीत नकारही याच हाताने द्यायचा असतो. जिलब्यांची परात जवळ आली की जेवणारा पानावर हात आडवा धरतो. अनुभवी वाढपी त्याच्या तोंडाकडे पाहतच नाही, बोटांकडे पाहतो. बोटं घट्ट जुळलेली असतील तर माणूस खरंच संपला आहे. फट दिसली तर दोन जिलब्या सहज जातात. मग यजमान येतात. 'आमच्याकडचं आवडलेलं दिसत नाही' या वाक्यापुढे भले भले हात मागे घेतात. पुढे तडस लागली तर दोष कुणाचा? खाणारा आग्रहाकडे बोट दाखवतो, वाढणारा रिकाम्या पानाकडे.

आणि घरापासून लांब असलेल्यांना आग्रह कोण करणार? ती सोय पुण्याच्या खानावळींनी केली. टिळक रस्त्यावरच्या 'बादशाही'सारख्या बोर्डिंगांनी आणि पेठांतल्या घरगुती मेसनी कित्येक पिढ्यांचे विद्यार्थी पोसले. यांतल्या अनेक ठिकाणी रविवारी दुपारी 'फीस्ट' आणि रात्री चूल बंद. त्यामुळे सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा गुलाबजामांची तिसरी वाटी मागतो, तेव्हा तो अति खात नसतो. रात्रीचं जेवण आगाऊ उचलत असतो. हिशेबात खोट काढून दाखवा!

जेवण झालं की हाताला शेवटचं काम उरतं, पोटावरून फिरण्याचं. तेव्हा जुनी माणसं अगस्तींचं नाव घेतात. महाभारताच्या वनपर्वात ती कथा आहे. इल्वल राक्षस आपला भाऊ वातापी याला मेंढा करून, शिजवून पाहुण्यांना वाढी. जेवणं आटोपली की भावाला हाक मारी आणि वातापी पाहुण्याचं पोट फाडून बाहेर येई. इतका जीवघेणा आग्रह पुढे कुणाला जमला नाही. अगस्ती मात्र शांतपणे सगळं जेवले. इल्वलाने हाक मारली तेव्हा वातापी पचून गेला होता.

तिकडे पोटभर खाणारा डुकरांत जमा झाला. आपल्या कथेत खाणारा ऋषी ठरला; राक्षस निघाला तो वाढणारा.