मजुरीचा नमुना

कोळसा खाणीतून निघतो तेव्हा त्याची पत्रिका मांडलेली असते. जी-1 ते जी-17 असे सतरा ग्रेड, किती उष्मांक त्यावर ठरलेले. पण वॅगन वीज केंद्राच्या यार्डात पोचेपर्यंत ग्रह फिरतात. खाणीवरचा जी-9 खाली उतरताना जी-11 निघू शकतो. वाटेत काय झालं, हे कोळसा सांगत नाही. म्हणून त्रयस्थ संस्थेचा माणूस येऊन नमुना घेतो. नमुन्याचा एक हिस्सा सील करून ठेवतात आणि दोन्ही पक्षांचं जुळलं नाही की तो पंचाच्या प्रयोगशाळेत जातो. ग्रेड कमी भरला, तर तेवढे पैसे बिलातून वळते होतात. एका काळ्या दगडाला आपल्या देशात एवढा न्याय मिळतो.

हे पुराण मी कोराडीला चहाच्या टपरीवर लावलं होतं. समोर 660 मेगावॉटच्या तीन संचांच्या चिमण्या, मागे जगदंबेच्या देवळाकडे जाणाऱ्या गाड्या. बाकावरचा एक पोरगा शांतपणे ऐकत होता. तो राहतो कोराडीत, कामाला जातो दूर एका खासगी कारखान्यात, ठेकेदाराकडे. (कारखाना कोणता, ते विचारू नका. त्यानंही सांगितलं नाही, गेटपास जाईल म्हणून.) चहा संपवून म्हणाला, "काका, कोयशाचं बरं हाय. आमचा पगार तं कंपनीतून जी-5 निघते, अन् हाती येते तवा राखड राह्यते."

त्याचे वडील वीज मंडळात होते. कोराडीचा पहिला संच 1974 साली सुरू झाला, त्यानंतर लागलेली ती पिढी. पगारात दहा रुपये कमी आले, तर थेट खिडकीवर जाऊन बाबूशी भांडायचे. बाबू साहेबाकडे बोट दाखवायचा, साहेब युनियनला भ्यायचा आणि पुढच्या महिन्यात दहा रुपये यायचे. पोराची अडचण अशी की त्याला खिडकीच सापडत नाही. कंपनी म्हणते, तू ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, मी काम पेटी कंत्राटदाराला दिलं. पेटी कंत्राटदार म्हणतो, मुकादमाला विचार. आणि मुकादम म्हणतो, "वरून आलं नाही ना बाप्पा." वर म्हणजे नेमकं कुठं, हे चिमणीवर चढूनही दिसत नाही.

बरं, पगार थकतो म्हणावं, तर तसंही नाही. पगार बँकेत पूर्ण जमा होतो, शासनाच्या दरानं, पैसा इकडेतिकडे नाही. पोरानं मोबाइलवर मेसेज दाखवला. सकाळी दहाला पैसे जमा. साडेदहाला मुकादम एटीएमच्या दारात, हातात रबर लावलेली वही. कार्डांचा गठ्ठा त्याच्याच खिशात असतो, पोरांनी हरवू नये म्हणून. मशीनमधून नोटा निघतात, मुकादम आपल्या मोजून घेतो, उरलेल्या पोराला देतो, वहीत टिक करतो. मग बुटांचे वेगळे, गेटपासचे वेगळे. पीएफमध्ये मालकाचा वाटाही याच्याच मजुरीतून, कारण मालक कोण हे ठरलेलं नसलं तरी वाटा कोणाचा हे ठरलेलं असतं.

आता गंमत पाहा. नमुना घेणारा माणूस मजुरांसाठीही कायद्यानं नेमलेला होता. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात मुख्य मालकाच्या प्रतिनिधीनं पगारवाटपाला हजर राहून "माझ्यासमोर दिले" अशी सही करायची होती. ठेकेदारानं दिले नाहीत तर मुख्य मालकानं द्यायचे आणि ठेकेदाराच्या बिलातून कापायचे, हेही त्यातच होतं. मग पगार बँकेत गेला, पारदर्शकता आली आणि तो प्रतिनिधी सुटला. आता एटीएमच्या दारात फक्त मुकादम उभा असतो. तोही म्हणू शकतो, माझ्यासमोरच दिले.

नव्या कायद्याचंही कौतुक करायला हवं. वेतन संहिता संसदेनं 2019 ला मंजूर केली, लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 ला. सहा वर्षं उशिरा आलेल्या या संहितेचा आग्रह असा की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झालाच पाहिजे.

पण वेळेवर आलेला पगार एटीएमच्या दारात घटतो, त्यावर माझी सूचना साधी आहे. मजुरीचेही सतरा ग्रेड करा, म-1 ते म-17. पगाराच्या दिवशी एटीएमबाहेर त्रयस्थ संस्थेचा माणूस बसवा. आत जमा झालेली मजुरी आणि बाहेर पोराच्या मुठीत राहिलेली मजुरी, दोन्हींचा नमुना घ्या. एक हिस्सा सील करून पंचासाठी ठेवा. फरक निघाला की ठेकेदाराच्या बिलातून वळता करा. कोळशासाठी जमतं, तर मजुरीसाठी न जमायला काय झालं? फार तर पावसाळ्यात ओलाव्याची सूट द्या. त्या दिवसांत मुकादमाला छत्रीही लागते.

पोरगा हसला. म्हणाला, "काका, लिहून राहिले का हे? माझं नाव नका टाकू."

नाव टाकलं नाही, भाऊ. पण तुला सांगायचं राहिलं ते इथं लिहितो. पगाराची चिठ्ठी देणं मालकावर बंधनकारक आहे, ती मागून घे. कमी मिळालेल्या पैशांचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, तुझ्यावर नाही. दावा खरा ठरला तर रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. एकटा जाऊ नको, चौघं मिळून जा. आणि त्याआधी मुकादमाकडून एटीएम कार्ड परत घे, पिन बदल.